धाकट्याचा झगा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

करकर. मग एक लांब श्वास. मग पुन्हा करकर.

आठवतं का? तुझी वहिनी देवळात पायपेटीवर बसली की सूर निघायच्या आधी हे ऐकू यायचं. डाव्या पायाखालची फळी करकरायची. सगळी मंडळी डोळे मिटून गप्प बसलेली असायची आणि त्या शांततेत ती करकर अशी काही घुमायची की तू माझ्या बरगडीत कोपर खुपसायचास. एकदा तू चांगलं मोठ्यानं म्हणालास, "वहिनीच्या पेटीत बदक आहे." पुढच्या बाकावरचे सुतारकाका वळून बघायला लागले आणि मी खोकल्याचं सोंग आणलं. त्या फळीला तेल घाला म्हणून ती माझ्या किती मागं लागली असेल! मी घातलं नाही. शाळेत कविता सुरू करायच्या आधी गुरुजी घसा साफ करायचे ना, मला ती करकर तशी वाटायची. आता काहीतरी सुंदर येणार, अशी.

इतक्या वर्षांनी पत्र, आणि सुरुवात बदकानं. म्हणशील, दादा काही सुधारला नाही.

काम काढलं आहे म्हणून लिहितो. पाळकपण सोडलेल्या माणसाला धर्मातली शंका विचारणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी नाही. म्हणजे नव्या पाळकबाई आहेत, पण त्यांच्यासमोर तोंड उघडायचा धीर होत नाही. शंका अशी: ज्याची दीक्षा झालेली नाही अशा माणसानं पाळकाचा झगा अंगात घातला, तर ते पाप किती मोठं?

घाबरू नकोस. झगा तुझाच आहे. जाताना दारामागच्या खिळ्याला टांगून गेलास तो. तुझ्या वहिनीनं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला होता. स्वतः शिवलेला, टाकवणार कसा?

तुला कुणी कळवलं नसेल. तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. डॉक्टर समजावून सांगतात, चित्रं काढून दाखवतात. पण मी पडलो छापखान्यातला जुळारी, जन्मभर शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून ओळी लावल्या, तेव्हा मला ते माझ्या धंद्यातलंच दिसतं. लावलेलं पान कुणीतरी रोज थोडं थोडं सोडवतं आहे. आणि खिळे परत खणात टाकताना चुकीच्या खणात टाकतं आहे. मग 'चमचा' म्हणायला जावं तर हाताला 'खिडकी' लागते.

गेल्या महिन्यात तिनं जेवण सोडलं. माझ्या हातून तर घासच घेईना. "तुम्ही कोण?" म्हणायची आणि ओठ घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मंडळीच्या सेवागृहात ठेवा, तिथं चोवीस तास माणसं असतात. मी साफ नाही म्हटलं. ती या घरातून कुठंही जाणार नाही. तिनं दोन घास खाल्ले की झालं, पुढचं मी बघतो.

आणि मग हा झगा निघाला. ट्रंक उघडून काय शोधत होती देव जाणे. झगा घेऊन माझ्यासमोर आली, दोन्ही खांदे धरून उभी राहिली. "चला, हात घाला. लोक येऊन बसलेत." वाद घालून उपयोग नसतो, हे मी आता शिकलो आहे. घातले हात. तिनं खांद्यावरची सुरकुती झटकली, दोन पावलं मागं झाली आणि हसली. "भावजी, वाळलात हो. दादांना सांगते, याला दूध चालू करा."

धाकट्या, कितीतरी दिवसांनी हसली. आणि मी दिलेलं दूध प्याली.

म्हणून विचारतो. पाप किती मोठं? तुला पुस्तकातलं ठाऊक असेल.

तुझा,
दादा

ता.क. तिच्या दंडाला थोडं लागलं आहे. दाराच्या चौकटीवर आपटली. काळजीचं काही नाही.


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. नसू दे. मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं, उरलेलं लिहून टाकतो.

झगा घातला की मी तू होतो. ती पाय जुळवून खुर्चीत बसते, केसांवरून हात फिरवते, "भावजी, चहा टाकू?" विचारते. चहा मीच टाकतो. ती म्हणते, "तुमच्या दादांची वाट बघत बसलात तर उपाशी मराल. छापखान्यात कुणीतरी कविता छापायला आणली असेल, हे बसले असतील मात्रा मोजत." मी म्हणतो, "हो ना, दादा म्हणजे अवघडच." माझी निंदा मला आता पाठ झाली आहे.

असे दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका सकाळी तिनं हात पुढं केले. डाव्या तळव्यावर उजवा तळवा, जसे प्रभुभोजनाला पाव घेताना करतात तसे. मी पावाचा तुकडा तोडून त्यावर ठेवला. ती हलेना. वाट बघत राहिली.

"घे ना," मी म्हटलं.

"भावजी, शब्द?"

मी म्हटले शब्द. 'घ्या, खा, हे माझे शरीर आहे.'

आता त्या शब्दांवाचून ती तोंड उघडत नाही. सकाळी दुधात भिजवलेला पाव, त्यावर ते शब्द. दुपारी कुस्करलेला बटाटा, त्यावर ते शब्द. रक्तदाबाची गोळी, त्यावरही. धाकट्या, काल केळं होतं. प्रभूनं शिष्यांना जे शब्द शेवटच्या रात्री दिले, ते मी केळ्यावर म्हटले.

आणि याहून वाईट सांगू? मला ते जमतं. आवाज लागतो. शाळेत पाठांतराचं बक्षीस मला कधी चुकलं नाही, तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, दुसऱ्या दिवशी मी कुठं थांबायचं ते ठरवलं, आणि परवा माझ्या लक्षात आलं की शेवटच्या शब्दावर मी आवाज जरा खाली आणतो. बरं वाटतं म्हणून. तिनं मान झुकवलेली असते आणि मी स्वतःचा आवाज ऐकत असतो.

आधी कवितेनं करून बघितलं होतं, असं समजू नकोस की सरळ झग्यावर उडी मारली. म्हटलं, लहानपणीचं लक्षात राहतं म्हणतात. तिच्यासमोर बसलो आणि चौथीच्या पुस्तकातली पाखरांची कविता चालीवर म्हटली, पाचवीतली नदीची म्हटली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाली, "झालं का? डोकं उठलं." लग्न झाल्यापासून हेच मनात होतं की काय कोण जाणे. आजारानं निदान खरं बोलायची मुभा तरी मिळाली बिचारीला.

रविवारी मी उपासनेला जातो तेव्हा शेजारची शिंपीणबाई तिच्याजवळ बसते. या रविवारी प्रभुभोजन होतं. ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढं सरकवलं. तुकडा उचलायला हात धजेना. ज्या हातानं घरी हा खेळ मांडतो त्याच हातानं इथं काय घ्यायचं? पाळकबाईंनी पाहिलं. दारात हस्तांदोलन करताना म्हणाल्या, "काका, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "पोट बिघडलंय." देवळाच्या दारात खोटं बोललो, तेही पोटाचं.

अजून एक गोष्ट घडली. लिहू की नको असं चाललं होतं.

ती परवा एकदम माझ्याकडे झुकून बोलायला लागली, कुणी ऐकू नये अशा बेतानं. "भावजी, एक सांगते. दादांच्या कानावर घालायचं नाही."

"नाही घालणार."

"घरात एक म्हातारा येतो."

"कोण म्हातारा?"

"मला काय माहीत? तुम्ही असता तेव्हा येत नाही. डांबरट आहे. माझी पर्स लपवतो. आंघोळीच्या वेळी खसखसा घासतो, जशी मी म्हणजे तवा. आणि ओरडतो."

"आणि?"

"आणि काही नाही." तिनं बाही खाली ओढली. "यांना सांगू नका हं. मला कुणी वेडंवाकडं बोललं तर हे जाऊन भांडतील. आणि भांडता तर येत नाही यांना. मारच खाऊन येतील."

मी हसलो. चहा थंड होतोय म्हणालो. झग्याच्या बाह्या फार लांब आहेत, चहात बुडतात.

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. एवढ्या वर्षांत तुला तीनच वाक्यं सुचली, ती मला पाठ झाली आहेत. 'झगा वापर, मला नको आहे. देव रागावणारच असेल तर आधी माझ्यावर रागावेल. वहिनी कशी पडली ते नीट लिही.'

पडली म्हणजे पडली. चौकटीला आपटली म्हणून लिहिलं होतं ना? तुझी ही लहानपणापासूनची खोड. अख्खं ताट समोर असताना नेमका खडा तेवढा उचलायचा.

झग्याबद्दल मात्र तू मोठ्या मनानं लिहिलंस. मला वाटलं होतं हसशील. तुला हक्क होता. त्या रविवारी तू वेदीवरून म्हणालास, "मला प्रार्थना येत नाही. येते असं दाखवणं आता पुरे." आणि उतरलास. मी तुझ्याशी बोलणं टाकलं, तू घर टाकलंस. मला वाटायचं, देवासमोर एवढा उद्धटपणा! आता रोज आरशासमोर उभा राहून झग्यावरच्या तुझ्या गळपट्टीची गाठ मारताना वाटतं, तुझा विश्वास गेला म्हणून तू हा झगा उतरवलास. माझा शाबूत आहे, आणि मी तो घालून बायकोला फसवतो.

विश्वास शाबूत आहे, हे लिहिताना हात थबकला होता. पण आहे. रात्री ती झोपली की मी तिच्या पलंगाशी गुडघे टेकतो. मागणं एकच असतं, हिला माझ्याजवळ राहू दे. दुसरं काही मागायचं धाडस होत नाही. मागितलं तर वर कुणीतरी तुझ्यासारखंच विचारायचं, ते नीट सांग.

गुरुवारी पाळकबाई येणार आहेत. वहिनीला घरी प्रभुभोजन द्यायचं म्हणतात. मी म्हटलं, ती झोपलेली असते. म्हणाल्या, "मग उठेपर्यंत बसेन, काका. मला घाई नाही."

आता काय करू? झगा लपवू का? हे तुला विचारतो आहे, बघ माझी अवस्था.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

पाळकबाई येऊन गेल्या. त्या दिवसापासून पेन उचलायचं टाळत होतो.

झगा मी माझ्या कपाटात, कोटाच्या आत टांगला होता. पाळकबाई आल्या, चपला काढल्या, तुझ्या वहिनीच्या समोर स्टुलावर बसल्या. वय काही फार नाही, माझी मुलगी असती तर तेवढी असती. छोटी डबी काढली, रुमाल पसरला. तुझी वहिनी सगळं कौतुकानं बघत होती. मग म्हणाली, "कशाला त्रास घेतलात, बाई? आमच्याकडे रोज असतं."

"रोज असतं?"

"तीनदा. भावजी देतात." आणि माझ्याकडे वळून, "हे कोण उभे आहेत? यांनाही बसायला सांगा."

पाळकबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी कपाट उघडलं आणि कोटाच्या आतून झगा काढून दाखवला. आणि बोलत सुटलो. दूध, पाव, गोळी, केळं, काही ठेवलं नाही. रडलोसुद्धा. खरं सांगतो धाकट्या, रडताना आतून हलकं वाटत होतं. एक मोठं पाप पदरातून काढून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवलं की माणूस उजळ होतो ना, तसं. मी वाट बघत होतो, आता या रागावतील, मग क्षमा करतील, की मी मोकळा.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "केळं?"

"हो."

त्या हसल्या नाहीत, पण ओठ जरा हलले. "काका, मला आधी विचारायला हवं होतंत. मी दिवसातून एकदा आले असते. तुमच्या त्या शब्दांचं काय करायचं ते मला माहीत नाही, मी वरिष्ठांना विचारीन, किंवा नाही विचारणार. पण काकू जेवल्या ना? तर त्यावर मी आज भांडत नाही." मग आवाज न बदलता म्हणाल्या, "काकूंचा दंड दाखवा मला."

तुझ्या वहिनीनं डबीतला तुकडा घ्यायला हात पुढं केला होता आणि बाही वर सरकून दंडावरचे पिवळट डाग उघडे पडले होते.

"चौकटीला आपटली," मी म्हटलं.

"चौकटीला बोटं असतात का, काका?"

आता नीट लिहितो. तू विचारलं होतंस.

जानेवारी संपत आला होता. सकाळची वेळ. तिला आंघोळ घालत होतो. ती ओल्या अंगानं उठली, चादर गुंडाळून खिडकीशी गेली आणि ओरडायला लागली, "चोर! घरात चोर शिरलाय! कुणीतरी धावा!" रस्त्यावर माणसं थांबली. शिंपीणबाई, दूधवाला, शाळेत जाणारी पोरं. सगळे आत बघत होते, माझ्याकडे. मला लाज वाटली. तिची लाज वाटली, हे आधी लिहिलं पाहिजे. मी तिचा दंड धरला आणि ओढली. ती सोडेना तसा गच्च आवळला, गदागदा हलवली. आणि म्हणालो, "मर एकदाची."

आयुष्यभर शब्द निवडत आलो. एक मात्रा चुकली तर मालकाच्या शिव्या खाऊन ओळ मोडून पुन्हा लावली. आणि तिच्यासाठी माझ्या तोंडातून निघाले ते हे दोन शब्द. अडखळलोही नाही.

ती कोपऱ्यात जाऊन बसली, चादर हनुवटीपर्यंत ओढून. जेवण तिनं त्या दिवसापासून सोडलं. आजारानं सोडलं असं मी डॉक्टरांना सांगितलं, तुलाही तसंच लिहिलं. आजाराचं काही नव्हतं त्यात. मारणाऱ्याच्या हातचं कोण खाईल? मग झगा निघाला, आणि मी त्या झग्यात लपलो.

अजून एक उरलं आहे. तिनं मला, म्हणजे तुला, त्या दंडाचं सांगितलं होतं. त्या म्हाताऱ्याबद्दल लिहिलं त्या पत्रात मी ते गाळलं. म्हणाली होती, "भावजी, तो म्हातारा मला मर म्हणाला. तुम्ही देवाचे माणूस, तुमचं देव ऐकतो. त्याला सांगा, मला इतक्यात नेऊ नकोस. हे एकटे पडतील. यांना साधं दूध तापवता येत नाही, उतू जातं." आणि डोळे मिटून, हात जोडून बसली, मी प्रार्थना करायची वाट बघत.

मी केली प्रार्थना. झग्यात, तुझ्या नावानं. आमेन तिनं म्हटलं.

पाळकबाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा अजिबात हलकं वाटलं नाही. त्यांनी क्षमा वगैरे काही म्हटलं नाही. बराच वेळ वहिनीच्या दंडावरून अंगठा फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही वाईट माणूस आहात की नाही ते देव बघेल, त्याचं काम आहे. मला एवढं दिसतंय की हे एकट्याचं ओझं नाही. उद्यापासून सकाळी आमच्या सेविकाबाई येतील. आणि सेवागृहात बागेकडची एक खोली रिकामी होते आहे. काकूंच्या नावानं धरून ठेवते. हो-नाही दहा दिवसांत सांगा."

मी नाही म्हणणार होतो. त्या म्हणाल्या, "आत्ता नको. आत्ता तुम्ही लाजेपोटी हो म्हणाल नाहीतर हट्टापोटी नाही म्हणाल."

धाकट्या, तू ये. झगा घालायला नको, प्रार्थना करायला नको. नुसता घरात ये. दोघं भाऊ असलो तर तिला इथं ठेवता येईल. पाया पडतो म्हटलं तर तू चिडशील, म्हणून म्हणत नाही.

दादा


६ मार्च

धाकट्या,

आला नाहीस. मी फाटकाचा आवाज झाला की खिडकीशी जातो. पेपरवाला असतो.

सेविकाबाई येतात. जाडजूड, खणखणीत बाई. पहिल्या दिवशी तुझ्या वहिनीनं विचारलं, "तुम्ही कोण?" त्या म्हणाल्या, "मी? मी तुमची सवत." वहिनी अशी हसली की पाण्याचा तांब्या सांडला. त्यांच्या हातून घास घेते. शब्द नाहीत, झगा नाही, काही नाही. "उघड तोंड, राणी, नाहीतर तुझ्या नवऱ्याला पळवून नेईन." वहिनी म्हणते, "न्या. पण परत आणून सोडाल दोन दिवसांत."

मी दारात उभा राहून बघतो. आत जात नाही. मी दिसलो की ती तोंड मिटते.

झगा परत ट्रंकेत ठेवला. कुणी ठेवायला सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ती जेवेना तेव्हा पुन्हा काढावासा वाटला होता, ट्रंकेपर्यंत गेलोही. मग तसाच बसून राहिलो. ती उपाशी झोपली. सकाळी सेविकाबाईंनी तिला खाऊ घातलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

उद्या पाळकबाईंना उत्तर द्यायचं आहे. मी नाही म्हणायचं ठरवलं आहे. काय बोलायचं तेही मनात लावून ठेवलं आहे. सकाळी सेविकाबाई आहेतच, दुपारी ती झोपते, उरली संध्याकाळ. संध्याकाळी मी अंतर ठेवून बसेन. आवाज चढवणार नाही. हात मागं बांधून बसेन. लग्नाच्या वेळी वेदीपुढं वचन दिलं होतं ते काही बागेकडची खोली बघून दिलं नव्हतं. तू इथं असतास तर म्हणाला असतास, दादा, वचन पुढं करतोस, पण तुला लोकांच्या डोळ्यांची लाज वाटते आहे. बायकोला सांभाळता आलं नाही, हे त्यांना कळेल म्हणून. असेल. तेही असेल. पण

दार वाजलं म्हणून अर्ध्यावर उठलो होतो. आता पुढचं लिहितो.

दुपारची वेळ. सेविकाबाई गेलेल्या, ती आतल्या खोलीत झोपलेली. पुढच्या दाराला आतून कुलूप असतंच. दार वाजलं, अगदी हळू, पाहुण्यासारखं. मला वाटलं, तू. खरंच वाटलं. शर्टाची बटणं लावली, चष्मा पुसला आणि कुलूप काढलं.

दारात तुझी वहिनी उभी होती.

मागचं दार. कचरा टाकून आलो आणि कडी लावायची राहिली. ती त्या दारानं निघून, गल्लीला वळसा घालून, गाड्यांच्या रस्त्यावरून चालत पुढच्या दाराशी आली होती. पायात माझ्या चपला. काखेत पर्स. केस विंचरलेले. कोपराला चुना लागला होता, कुठल्यातरी भिंतीला घासत आली असणार. मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. दंड धरायची हिंमत झाली नाही.

"माफ करा हं," ती म्हणाली. "दुपारचं उठवलं तुम्हाला. आमचे हे इकडे आलेत का?"

तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. मी तिला तो म्हातारा वाटलो नाही. तूही वाटलो नाही. कुणीतरी परका, बरा माणूस.

"कसे दिसतात?" मी विचारलं.

"उंच आहेत. बोटांना शाई असते. रस्त्यानं कविता पुटपुटत चालतात, एखाद्या दिवशी गाडीखाली येतील. सकाळपासून पत्ता नाही हो. जेवलेलेही नाहीत."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "रागीट आहेत का?"

"कोण, हे?" ती दाराच्या चौकटीला टेकून हसली. "यांना रागावता येत नाही. रागवायला लागले की यमक शोधत बसतात."

मागं रस्त्यावरून मोठी गाडी गेली. ती दचकली, पर्स छातीशी धरली. त्याच रस्त्यावरून ती आत्ता चालत आली होती आणि मी आत बसून तुला लिहीत होतो, की उरली फक्त संध्याकाळ.

"येतील ते," मी म्हटलं. "आत येऊन बसा."

"तुम्हाला त्रास नको." तिनं माझ्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. टेबल, खुर्ची, कागद. "एकटेच असता?"

"हो."

"एवढ्या घरात एकट्यानं?" तिनं मान हलवली. "नाही हो निभत. कुणाला तरी सांगत जा. लाजू नये माणसानं."

मनात लावून ठेवलेली 'नाही'ची ओळ मोडून मी दारातून बाजूला झालो.